तिसऱ्या गाण्यातली बाई

आमच्या दुकानात मशीन दुरुस्त झालं की नाही हे मीटर ठरवत नसे. बाबा ठरवत नसत, आणि गिऱ्हाईक तर नाहीच नाही. ते ठरवायची एक बाई. ती कोण, कुठली, आहे की गेली, कुणाला ठाऊक नाही. एका जुन्या रेकॉर्डवर, पहिल्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यात ती चार-पाच सेकंद येते. ती नीट आली की बाबा मशीनला चिठ्ठी लावायचे, ‘ठीक’. नाही आली की मशीन परत टेबलावर, झाकण परत उघडं, आणि स्क्रू आईच्या स्वयंपाकघरातून ढापलेल्या स्टीलच्या वाटीत.

दुकान म्हणजे आमच्या घराचीच पुढची खोली. एका भिंतीला टेबल, त्यावर दिवा आणि तारा जोडायचा सोल्डरिंग आयर्न. उरलेल्या तीन भिंतींना छतापर्यंत फळ्या आणि फळ्यांवर लोकांची मशीनं. ॲम्प्लिफायर, रेकॉर्ड प्लेअर, स्पीकरचे डबे. बाबा हे काम चाळीस वर्षं करत होते. गल्लीत त्यांना सगळे कानसेन म्हणायचे. बिघडलेलं मशीन नुसतं सुरू करून, डोळे मिटून, ‘डाव्या बाजूचा कपॅसिटर गेलाय’ असं सांगायचे आणि उघडल्यावर तोच गेलेला निघायचा. याचा त्यांना गर्व होता. चांगला ढळढळीत गर्व होता, उगाच कशाला लपवू?

मी त्यांची एकुलती एक मुलगी. लग्न झालं, मोडलं, परत आले आणि टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसले. ‘आलीस? बरं झालं, माझे डोळे आता बारीक टाके घालत नाहीत,’ एवढंच बाबा म्हणाले आणि सोल्डरिंग आयर्न माझ्या हातात दिला. त्या एका वाक्यासाठी मी त्यांना जन्मभर काहीही माफ केलं असतं. पुढे माफी मागायची पाळी माझ्यावर आली, ते सोडा.

ती रेकॉर्ड दुकानात कशी आली, तर एक खलाशी आपला प्लेअर दुरुस्तीला टाकून गेला, आत रेकॉर्ड तशीच होती. पुन्हा तो काही आला नाही. मी तेव्हा शाळेतही जात नव्हते. पाकिटावर एक माणूस डोकं मागे टाकून गातोय, फोटो हललेला, आणि पाकिटाचा एक कोपरा उंदराने खाल्लेला. संगीताचा प्रकार रेगे, परदेशी. कुठल्याशा परक्या गावातल्या खचाखच भरलेल्या हॉलमध्ये, लोकांसमोर, एका रात्रीत रेकॉर्ड केलेलं. शब्द आमच्यापैकी कुणालाच कळत नाहीत. आई तर म्हणायची, ‘त्याला तरी कळतात का विचारा.’

पण बाबा त्या रेकॉर्डवर भाळले ते भाळलेच. शहाण्या माणसाने एकाच रेकॉर्डपायी इतकं वेडं व्हावं याचं मला लहानपणी नवल वाटायचं. मी एकदा विचारलंही, की याच गाण्यांची नीट, गोंगाट नसलेली रेकॉर्ड मिळत असेल ना? बाबा सोल्डरिंग आयर्न खाली ठेवून म्हणाले, ‘मिळते. बंद खोलीत गायलेलं गाणं म्हणजे पासपोर्टचा फोटो. मान सरळ, हसायचं नाही. आणि हे म्हणजे घरात कुणीतरी न सांगता काढलेला फोटो. यात माणूस सापडतो.’

मग त्यांनी मला ते ऐकायला शिकवलं. यात पुढारी गवई नाही, खर्जातल्या गिटारचा बेस आहे. तो जड पावलांनी पुढे चालतो आणि बाकीचे त्याच्यामागून. ठोका जिथे पडेल असं वाटतं तिथे जागा मोकळी सोडलेली, आणि गिटार बरोबर त्या उरलेल्या फटीत टिचकी मारते. म्हणून अंग आपोआप हलतं, मुद्दाम हलवावं लागत नाही. वर ऑर्गन, त्याच्यावर साथीला गाणाऱ्या बायका, सगळ्यांत वर झांजेचा बारीक चुरचुर आवाज. आणि या सगळ्याच्या भोवती ते लोक. माइक मधेच किंचाळतो, कुणीतरी शिटी मारतं, गवई दम घेतो तेव्हा हॉलच त्याच्या जागी श्वास घेतो. ‘तळापासून टोकापर्यंत सगळे आवाज एकाच गाण्यात आहेत,’ बाबा म्हणायचे. ‘मशीनच्या पोटात काही दुखत असेल तर इथे कळलंच पाहिजे.’

आणि तिसरं गाणं. ते संथ आहे. मधे एका जागी गवई गायचं थांबतो आणि गाणं लोकांना देऊन टाकतो. सगळा हॉल गातो. बेस खालून हळूच त्यांना धरून ठेवतो. ओळ संपते, ढोलवाला ठोका देऊन बंद करतो, सगळे गप्प. पण मागे, लांब कुठेतरी, एक बाई गातच राहते. तिच्या लक्षातच आलेलं नसतं. पुढची अर्धी ओळ ती एकटीच गाते, बारीक, उंच, किंचित बेसूर आवाजात. मग तिला कळतं. ती थांबते. आणि सगळा हॉल हसतो. दुष्टपणाने नाही, घरातलं कुणी चुकल्यावर हसावं तसा. गवईसुद्धा माइकजवळ हसतो, आणि मग गाणं पुन्हा सुरू होतं.

हीच ती बाई. साध्या मशीनवर ती ऐकूच येत नाही. मधे नुसती फट राहते आणि लोक उगाच हसल्यासारखे वाटतात. मशीन ठणठणीत असेल तरच ती येते. म्हणून बाबांची ती परीक्षा. प्रत्येक गिऱ्हाइकाला मशीन न्यायला आलं की उभं राहून तिसरं गाणं ऐकावं लागे. सुटका नव्हती. घाईत आलेले वकील, कडेवर मूल घेतलेल्या बायका, सगळे त्या जागी हसायचे आणि मग चिठ्ठी लागायची. आई आतून ओरडायची, ‘आली का तुमची ती? मी अर्ध्या तासापासून जेवायला हाका मारतेय, मी कधी ऐकू यायची?’ बाबा म्हणायचे, ‘अगं, तू बिघडलेल्या मशीनवरसुद्धा ऐकू येतेस.’

मी ते गाणं किती हजार वेळा ऐकलं असेल, हिशोब नाही. तरी ती बाई आली की मला हसू फुटतंच. ठरवून नाही. शिंक येते तसं.

आता जे सांगायचं आहे ते सांगते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. वरच्या गल्लीत नाचाचा क्लास चालवणाऱ्या मॅडम आहेत. त्यांचा ॲम्प्लिफायर आला होता. साधं काम होतं, मीच केलं. बाबांनी रेकॉर्ड लावली, डोळे मिटले. तिसरं गाणं आलं. हॉल गायला, थांबला, बाई आली, लख्ख आली. मी हसले. बाबांचे डोळे मिटलेलेच.

‘नाही आली,’ बाबा म्हणाले.

मला वाटलं गंमत करताहेत. त्यांनी सुई उचलून मागे ठेवली. पुन्हा तेच. पुन्हा बाई आली. बाबांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. ‘तुला येतेय का गं ऐकू?’

त्या क्षणी माझ्या डोक्यात गेले कित्येक महिने एकदम गोळा झाले. कुकरची शिट्टी होऊन गेल्यावर ‘झाला का भात?’ म्हणून विचारणं. फोन वाजतोय आणि बाबा शेजारी बसून शांतपणे तार सोलताहेत. आईच्या हाका. आम्हाला वाटायचं कानाडोळा करतात, नवराच तो. आणि आता ते माझ्याकडे बघत होते. त्या नजरेत भीती होती. मी बाबांना कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

‘नाही बाबा,’ मी म्हणाले. ‘मलाही नाही आली.’

त्यांच्या चेहऱ्यावर असं काही हायसं झालेलं दिसलं की मला बरं वाटलं. बघा, मला चक्क बरं वाटलं. ‘मग मशीनमध्येच आहे,’ ते म्हणाले आणि स्क्रू-ड्रायव्हर उचलला. मी वाटी पुढे केली.

ज्याने चाळीस वर्षं प्रत्येक बिघाड मशीनमध्ये शोधला आणि तिथेच तो सापडला, तो माणूस दुसरीकडे कशाला बघेल? त्यांनी कपॅसिटर बदलले. मग स्पीकर बदलला. मग सुई. मग आपल्याच प्लेअरवर संशय घेऊन तो अख्खा उघडला. बाई येईना. पुढचं मशीन आलं, त्यातही येईना. त्याच्या पुढच्यातही. महिनाभरात फळ्यांवर चांगली धडधाकट मशीनं झाकणं उघडी टाकून बसली, दवाखान्यात धट्टीकट्टी माणसं खाटेवर निजवून ठेवावीत तशी. मला ‘येतेय का?’ विचारलं की मी ‘नाही’ म्हणायचे. एकदा खोटं बोललं की ते पाळावं लागतं, रोज खायला घालावं लागतं. आणि हसू? हसू येऊ नये म्हणून त्या जागी मी खाली वाकून काहीतरी शोधायला लागले.

काही मशीनं बाबांनी वैतागून वरचे बारीक आवाज वाढवून वाढवून परत दिली. मॅडम दुसऱ्याच दिवशी तणतणत आल्या. ‘अहो काका, हे काय करून ठेवलंय? मुली कानावर हात ठेवून नाचताहेत!’ बाबांनी त्यांचा ॲम्प्लिफायर परत घेतला आणि टेबलावर ठेवला. ‘माझा हात गेला बहुतेक,’ ते मला म्हणाले. हात गेला म्हणत होते. कानाचं नावही नाही.

आईला सगळं कळलं होतं. एका सकाळी ती मला आत ओढून म्हणाली, ‘सांगून टाक त्यांना.’

‘तू सांग.’

‘माझं ते ऐकतात कधी? सोनारानेच कान टोचावेत. धंदा तुमच्या दोघांचा आहे.’

‘आई, काय सांगू? की तुमची सगळी मशीनं बरी आहेत आणि...’

पुढचं मला म्हणता आलं नाही आणि आईलाही ऐकायचं नव्हतं. ती पीठ मळायला लागली. आमच्या घरात अळीमिळी गुपचिळी सुरू झाली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. बाहेर बाबा एकामागून एक चांगली मशीनं उसवत होते आणि मी त्यांना हवी ती हत्यारं हातात देत होते.

शेवटी बाबांनी एक युक्ती काढली. चौकात नव्या मशीनचं दुकान आहे, त्यांच्या मित्राचं. त्याच्याकडून त्यांनी एक कोरा करकरीत सेट मागून आणला, खोक्याचं सील न फोडलेला. ‘यात तर काही बिघडलेलं नाही ना? यावर ती आली तर दोष आपल्या कामात. नाही आली तर रेकॉर्ड झिजली.’ त्यांनी सील माझ्यासमोर फोडलं. मी टेबलाच्या या बाजूला, ते त्या बाजूला. या वेळी त्यांनी डोळे मिटले नाहीत, आणि ते मला ठाऊक नव्हतं. मी सुईकडे बघत होते.

नवा सेट खरंच सुंदर होता. हॉल गायला, थांबला, आणि ती बाई इतकी स्पष्ट आली की तिने मधे घेतलेला श्वासही ऐकू आला. तो मी एवढ्या वर्षांत कधी ऐकला नव्हता. मी हसले. वाकायचं विसरले.

बाबांनी सुई उचलली.

‘कधीपासून येतेय ती?’ त्यांनी विचारलं.

मी वाटीतले स्क्रू चाळवायला लागले.

‘विचारतोय मी. कधीपासून?’

‘रोज येते, बाबा.’

‘कुठल्या मशीनवर?’

‘सगळ्यांवर.’

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हळूच रेकॉर्ड पाकिटात घातली, नवा सेट खोक्यात ठेवला, आणि फळ्यांवरच्या त्या उघड्या मशीनांकडे एकेक करून पाहिलं. मग पहिलं खाली काढलं आणि बंद करायला घेतलं. सगळी झाकणं बसवायला आम्हाला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत ते माझ्याशी कामापुरतं बोलले. ‘चार नंबर.’ ‘वाटी.’ ‘धर.’

बाबा डॉक्टरांकडे गेले ते आईच्या रडण्याने. तिथे त्यांना काचेच्या खोलीत बसवून कानाला हेडफोन लावला, आवाज आला की बटण दाबा म्हणून सांगितलं. बाबा पटापट बटण दाबत होते. बाहेर आम्हाला क्षणभर वाटलं, अरे, सगळंच तर ऐकू येतंय! तपासणारी मुलगी बाहेर येऊन म्हणाली, ‘काका फार हुशार आहेत. दर चार सेकंदांनी आवाज सोडते हे त्यांनी ताडलं. म्हणून मी मधे सोडलाच नाही, तरी त्यांनी दाबलं.’ वरचे आवाज संपूर्ण गेलेले. डॉक्टर म्हणाले, परत येणार नाहीत, आणि वरून खाली एकेक करत पुढचेही जातील. कानात घालायचं यंत्र दिलं. त्याने आईचं बोलणं कळायला लागलं, पण रेकॉर्डवर ती बाई नुसती खरखर होऊन आली. बाबांनी यंत्र कानातून काढलं, तळहातावर धरून पाहिलं आणि म्हणाले, ‘याचा डिझाइनवाला कधी गाणं ऐकत नसावा.’ ते डबीत गेलं ते गेलं.

मग दुकान कसं चालायचं? मी म्हटलं, ‘मी ऐकते आणि सांगते.’

बाबा म्हणाले, ‘तू सांगू नकोस.’ रागाने नाही म्हणाले, आणि तेच जास्त लागलं. ‘तुझ्या बोलण्यावर मी मशीन सोडणार नाही. तू समोर बस. तुझं तोंड खोटं बोललं, चेहरा नाही बोलला. बाई आली की तुला हसू येतं. ते मी बघेन.’

तेव्हापासून तसंच चाललंय. रेकॉर्ड फिरते, बाबा एक तळहात स्पीकरच्या डब्यावर ठेवतात, कारण बेस तेवढा हाताला लागतो, आणि डोळे माझ्या चेहऱ्यावर. मला हसू आलं की चिठ्ठी. मुद्दाम हसून बघितलं एकदा, डोकं दुखत होतं आणि हसू येईना म्हणून. लगेच म्हणाले, ‘हे नव्हे.’ बाबा मशीन ओळखायचे तसा माझा चेहरा ओळखायला लागले. यात गंमतही होती. वर्षभर आम्ही दोघं एकमेकांसमोर बसून जेवढं हसलो, तेवढं मी लग्नातही हसले नव्हते.

पण आवाज पायऱ्या उतरतच होते. आधी साथीच्या बायका गेल्या. मग ऑर्गन. या वर्षी गवई गेला. एक दिवस बाबा सहज म्हणाले, ‘हा आता तोंड हलवतो बहुतेक.’ मग हॉलसुद्धा गेला. उरला तो जड पावलांचा बेस, तोही कानाला कमी आणि तळहाताला जास्त. तरी रेकॉर्ड रोज लागते. आई आता ‘तुमची ती’ म्हणून चिडवत नाही. दारात येऊन उभी राहते, बघते आणि जाते.

गेल्या मंगळवारी दुपारी मॅडमचा तोच ॲम्प्लिफायर पुन्हा आला होता. फ्यूज गेलेला. मी बदलला. बाबांनी रेकॉर्ड लावली, हात डब्यावर ठेवला. तिसरं गाणं सुरू झालं. गवई थांबायची जागा बाबांना पाठ आहे. ती आली, आणि बाबांनी डब्यावरचा हात उचलला, दोन्ही हात वर केले, डोळे मिटले आणि गायला लागले.

बाबांना गाताना मी कधी ऐकलं नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्यांचे आवाज दुरुस्त करणारा माणूस, स्वतः कधी गुणगुणला नाही. कळत नसलेले शब्द, त्यांच्या मनाने लावलेले, आणि आवाज मोठा, कारण किती मोठा आहे हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. हॉल गात होता आणि बाबा हॉलबरोबर गात होते. बरोबर होते, अगदी बरोबर. तेवढ्यापुरतं मला वाटलं, आहे, सगळं ऐकू येतंय.

ढोलवाल्याने ठोका दिला. हॉल गप्प झाला. हात डब्यावर नव्हता, त्यामुळे बेस थांबल्याचं बाबांना कळलं नाही. ते गातच राहिले. ती बाई गायली आणि बाबा गायले, दोघंच, लांबलांब, एकमेकांना न ऐकता. मग बाई थांबली. बाबा एकटेच राहिले. आणि सगळा हॉल हसला.

दारात आई उभी होती. तिने पदर तोंडाला लावला.

बाबांनी डोळे उघडले आणि नेहमीसारखं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. मी हसायचा प्रयत्न केला. देवाशपथ केला. ओठ हललेही असतील. पण त्यांनी हा चेहरा वर्षभर तपासलाय.

ते वाट बघत राहिले. गाणं पुढे गेलं, संपलं, सुई आतल्या वर्तुळात टकटक करायला लागली.

‘नाही आली,’ बाबा म्हणाले.

‘आली होती, बाबा,’ मी म्हणाले. मग मोठ्याने, मग ओरडून, मग चिठ्ठीच्या कागदावर लिहून त्यांच्यासमोर धरलं. ‘आली होती. खरंच आली होती.’

त्यांनी कागद वाचला. माझ्या डोक्यावरून हात फिरवला. ‘राहू दे गं,’ ते म्हणाले. ‘मशीनमध्येच आहे काहीतरी. शोधू आपण.’

त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर उचलला आणि चांगल्या मशीनचं झाकण उघडायला घेतलं. मी वाटी पुढे केली.